करून दाखव

पेणला एसटी स्टँडकडून बाजाराकडे जाताना एक रेडियमवाला लागतो. टेम्पोच्या काचेवरची नावं, रिक्षाच्या मागची वाक्यं, सगळं तो कापून देतो. त्याच्या नमुन्यांच्या बोर्डावर आई एकविरा आहे, खंडोबा आहे, राजमुद्रा आहे, 'आगरी किंग' आहे, उधळलेला बैल आहे आणि या सगळ्यांच्या मधोमध एक आकडा आहे, २९५. हाच आकडा वडखळ नाक्यावरच्या पिकअपवर दिसतो, रोह्याला धाटाव एमआयडीसीत कंपन्यांच्या गेटबाहेर लावलेल्या बाइकवर दिसतो. हे काय म्हणून विचारलं की पोरं म्हणतात, "मूसेवाला." २९५ हे जुन्या भारतीय दंड संहितेतलं धर्माच्या अवमानाबद्दलचं कलम, आणि ते कोणावर लावलं जाई याची तक्रार त्याच्या त्याच नावाच्या गाण्यात आहे, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. तो गेला २९ मे रोजी, म्हणजे २९-५ ला, हे मात्र सगळ्यांना तोंडपाठ असतं.

शुभदीपसिंग सिद्धू हा पंजाबातल्या मानसा जिल्ह्यातल्या मूसा गावचा. जन्म १९९३ चा. लुधियानाच्या गुरू नानक देव अभियांत्रिकी महाविद्यालयातून इलेक्ट्रिकलची पदवी घेऊन तो कॅनडात शिकायला गेला आणि तिथून सिद्धू मूसेवाला होऊन परतला. गाण्यात बंदूक, जीप, जमीन, वैर आणि मरण. २०२२ च्या फेब्रुवारीत काँग्रेसच्या तिकिटावर मानसातून विधानसभेला उभा राहिला आणि दणकून पडला. मे महिन्याच्या अखेरीस पंजाब सरकारने चारशेहून अधिक लोकांची सुरक्षा कमी केली, त्यात त्याचंही नाव होतं. दुसऱ्या दिवशी दोन मित्रांना घेऊन तो थारमधून बाहेर पडला. जवाहरके गावात गाडी अडवून तिच्यावर तीसहून जास्त गोळ्या झाडल्या गेल्या. वय २८. दोनच आठवड्यांपूर्वी त्याचं 'द लास्ट राइड' आलं होतं. गाडीतच गोळ्या घालून मारलेल्या तुपाक शकूर या अमेरिकी रॅपरचा संदर्भ त्या गाण्याला होता.

अशा मरणाचे आपल्याकडे दोन अर्थ तयार असतात. गाण्यात बंदूक नाचवली, तेव्हा बंदुकीनेच मेला, हा सज्जनांचा अर्थ. गाणं हा समाजाचा आरसा आहे, आरशावर कसले रागावता, हा पुरोगाम्यांचा. मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्यात सूड घेतल्याचं समाधान आहे आणि दुसऱ्यात जबाबदारी झटकण्याची सोय. गायक आणि मारेकरी या दोघांशिवाय तिसरं एक माणूस या प्रकरणात असतं, त्याच्याकडे कोणी बघत नाही. ते म्हणजे ऐकणारा.

दिवा-रोहा मेमूत नागोठण्यापासून रोह्यापर्यंत समोर बसलेल्या दोन पोरांचं बोलणं मी एकदा ऐकलं. दोघंही अ‍ॅप्रेंटिस असावीत, गळ्यात कंपनीची ओळखपत्रं होती. एकाच्या मोबाइलच्या कव्हरवर मूसेवालाचा फोटो. पंजाबी दोघांनाही येत नव्हतं. दुसरा कुठल्याशा मराठी रॅपरचं नाव घेत होता. पहिल्याने ते उडवून लावलं. "तो नुसता फेकतो रे. हा खरा होता. बोलला ते केलं." थोड्या वेळाने तोच म्हणाला, "म्हणून तर मारला."

या चार वाक्यांत अख्खा गँगस्टा रॅप येतो. गाणाऱ्याने जे गायलं ते जगून दाखवावं, आणि जगून दाखवलं याचा शेवटचा पुरावा म्हणजे त्याचं मरण.

आपल्याकडे शौर्याची आणि रक्ताची गाणी काही कमी नाहीत. १६५९ साली अफजलखान मारला गेला आणि अग्निदासाने त्याच्यावर पोवाडा रचला. तुळशीदासाने तानाजीचा आणि सिंहगडाचा पोवाडा गायला. त्यांत कोथळे निघतात, मुंडकी उडतात. पण तुळशीदासा, तू स्वतः किती कापलेस, असं डफाच्या फडात कोणी विचारल्याचं ऐकिवात नाही. शाहीर दुसऱ्याच्या तलवारीचं गातो आणि शेवटी आपली छाप टाकून मोकळा होतो. आमच्या भागात आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण धवळे गाते. नवरीचं रडणं तिच्या तोंडून येतं, म्हणून तिचीच मुलगी सासरी निघालीय असं मांडवात कोणाला वाटत नाही. रोह्याच्या धावीर महाराजांची पालखी निघते तेव्हा पोलिस बंदुका घेऊन देवाला सशस्त्र मानवंदना देतात. सगळा गाव ती बघायला उभा असतो आणि बंदूक ही मानाची खूण आहे, एवढं लहान पोरालाही कळतं.

शर्यतीच्या बैलांची आणि शेठ लोकांची गाणी अलीकडची, पण तीही याच चालीवरची. २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना पुन्हा परवानगी दिली आणि पनवेल, अलिबाग, पेण या पट्ट्यात अशा गाण्यांना ऊत आला. विहिघरच्या पंढरीशेठ फडक्यांचं नाव हळदीच्या डीजेवर वाजल्याशिवाय रात्र सरत नसे. अंगावर सोनं घालून गाडीच्या टपावर बसलेले फडके सगळ्यांनी पाहिले. अंबरनाथच्या गोळीबार प्रकरणात त्यांना अटक झाली, तेही सगळ्यांनी वाचलं. २०२४ च्या फेब्रुवारीत हृदयविकाराने ते गेले. गाणी अजून वाजतात. त्या गाण्यांची मला फारशी आवड नाही, पण एक गोष्ट त्यांच्याकडून घ्यावी. नाव शेठचं असतं, गाणारा दुसराच. तो सुपारी घेतो, गातो आणि पहाटे बँजो पार्टीच्या टेम्पोत बसून घरी जातो. अंबरनाथला काय झालं याचा जाब त्याला कोणी विचारत नाही.

गँगस्टा रॅपने हे अंतर मिटवलं. तिथे 'मी' म्हणजे खरोखर मी. किमान तसं भासवायचं, हा त्या धंद्याचा करार. गंमत म्हणजे तो करार सुरुवातीपासूनच खोटा होता. १९८८ साली लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमधून एन.डब्ल्यू.ए. या टोळक्याचा अल्बम आला, त्यावर एफबीआयच्या अधिकाऱ्याने कंपनीला नाराजीचं पत्र पाठवलं. त्यातले बरेचसे भेदक शब्द लिहिणारा आइस क्यूब नुकताच अ‍ॅरिझोनात आर्किटेक्चरल ड्राफ्टिंग शिकून आला होता, म्हणजे घरांचे आराखडे काढायला. पुढे तो लहान मुलांच्या विनोदी सिनेमांतून दिसला. त्याच्या टोळक्यातल्या ईझी-ईने अमली पदार्थ विकले होते, हेही खरं. पण लिहिणारा हात ड्राफ्ट्समनचा होता.

तुपाक शकूरची गोष्ट याहून कडवट आहे. आई अफेनी ब्लॅक पँथर चळवळीतली. न्यूयॉर्कमधल्या पँथरांवरच्या खटल्यातून ती मे १९७१ मध्ये निर्दोष सुटली आणि जूनमध्ये तुपाक जन्मला. बाल्टिमोरच्या कलाशाळेत तो अभिनय, कविता आणि बॅले शिकला. शेक्सपिअरच्या नाटकांत उभा राहिला, 'नटक्रॅकर'मध्ये उंदरांचा राजा झाला. १९९२ मध्ये 'ज्यूस' या सिनेमात बंदूक हाती आल्यावर बिथरलेल्या बिशप नावाच्या पोराचं काम त्याने इतकं जिवंत केलं की लोक त्याला बिशपच समजू लागले. नटाच्या आयुष्यात यापेक्षा मोठी दाद नसते. आपल्याकडे निळू फुल्यांना बायका रस्त्यात शिव्या घालत, असे किस्से सांगतात. निळूभाऊ त्यावर हसून सेवादलाच्या कामाला जात. तुपाकच्या श्रोत्यांनी त्याला भूमिकेतून उतरू दिलं नाही, आणि त्यालाही उतरायचं नव्हतं. नोव्हेंबर १९९४ मध्ये मॅनहॅटनच्या एका स्टुडिओच्या दारात त्याच्यावर पाच गोळ्या झाडल्या गेल्या. दुसऱ्याच दिवशी लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात तो दोषी ठरला. हा गुन्हा कुठल्या गाण्यातला नव्हता आणि त्यातल्या बाईचा जबाब त्याच्या चाहत्यांना आजही नको असतो. तो तुरुंगात असतानाच त्याचा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. ७ सप्टेंबर १९९६ ला लास व्हेगासच्या सिग्नलवर त्याच्या गाडीवर गोळीबार झाला आणि १३ तारखेला तो मेला. वय २५. सहा महिन्यांनी त्याचा प्रतिस्पर्धी नोटोरियस बी.आय.जी. लॉस एंजेलिसमध्ये तसाच मारला गेला. वय २४. तुपाकच्या खुनात पहिली अटक व्हायला २०२३ उजाडलं.

आता खऱ्या गुंडाकडे बघा. त्यासाठी अमेरिकेला किंवा पंजाबला जायला नको, रोह्याहून खाली श्रीवर्धनपर्यंत गेलं की पुरे. ९ जानेवारी १९९३ च्या रात्री दिघीच्या जेट्टीवर माल उतरला. पुढच्याच महिन्यात शेखाडीला दोनदा आरडीएक्स आणि हत्यारं उतरली. दिघीचा माल घेऊन जाणारी वाहनं म्हसळ्याकडच्या गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवली. बोलणी झाली, रक्कम ठरली, तारण म्हणून चांदीच्या विटा ठेवून घेतल्या आणि वाहनं सोडली. पुढे टाडा न्यायालयाने त्या पोलिसांना शिक्षा दिल्या. १२ मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं मेली.

या सगळ्या व्यवहारावर एकही गाणं माझ्या ऐकिवात नाही. ज्या हत्याराने माणसं मरतात ते ताडपत्रीखाली, अंधारात, दाम मोजून जातं. गुंडाचा धंदा गप्प राहण्यावर चालतो आणि गायकाचा ऐकू जाण्यावर. हे दोन धंदे मुळातच एकमेकांच्या विरोधात आहेत. २०२० च्या टाळेबंदीत मूसेवालाने पोलिसांच्या संगतीत एके-४७ चालवल्याचा व्हिडिओ बाहेर आला, शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, आणि त्याने लगेच 'संजू' नावाचं गाणं काढलं. १९९३ च्या त्याच प्रकरणात बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल शिक्षा झालेल्या संजय दत्तच्या पंक्तीला तो स्वतःला बसवत होता. आपल्या किनाऱ्यावर जी गोष्ट दडवण्यासाठी चांदी मोजली गेली, ती पंजाबातला एक इंजिनिअर स्वतःच्या नावावर लावून मिरवत होता. हातात पुरावा नसेल तर तो तयार करावा लागतो. श्रोता मागतोच आहे.

मुंबईने संगीताच्या धंद्यातला खून पाहिलाय तो १२ ऑगस्ट १९९७ चा, अंधेरीच्या जीतेश्वर महादेव मंदिराबाहेरचा. गुलशन कुमार भजनांच्या कॅसेटी विकत होते. हिंसक गाण्यांमुळे हिंसा होते म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी कोणतं गाणं वाजत होतं ते तपासावं.

पण माझ्या या मांडणीला एक अडचण आहे. गुंड गप्प असतो, हे आता तितकंसं खरं राहिलेलं नाही. मूसेवालाला मारल्यावर कॅनडात बसलेल्या गोल्डी ब्रारने फेसबुकवरून जबाबदारी घेतली. आधीच्या ऑगस्टमध्ये मोहालीत झालेल्या विकी मिद्दुखेडा या युवा अकाली नेत्याच्या खुनाचा हा बदला, असं कारणही जाहीर करून टाकलं. जूनमध्ये पुणे ग्रामीण पोलिसांनी आंबेगाव आणि जुन्नर भागातले दोन तरुण या प्रकरणातले संशयित म्हणून पकडले. मंचरच्या २०२१ मधल्या एका खुनात पोलिस त्यांच्या मागावर होतेच. ऊस-कांद्याच्या पट्ट्यातल्या पोरांची नावं पंजाबच्या टोळीशी जोडली जातात हे वाचून पुणेकर चकित झाले. मग त्याच टोळीच्या नावावर एप्रिल २०२४ मध्ये सलमान खानच्या घरावर गोळीबार झाला, तेव्हा हल्लेखोर पनवेलला भाड्याने खोली घेऊन राहिले होते. ऑक्टोबरात बाबा सिद्दीकींचा खून झाला, त्यातल्या आरोपींनी कर्जतजवळच्या जंगलात नेमबाजीचा सराव केल्याचं पोलिसांनी सांगितलं. पनवेल आणि कर्जत, दोन्ही आमच्याच जिल्ह्यात.

म्हणजे गायकाला लागलेली प्रसिद्धीची भूक आता टोळ्यांनाही लागली आहे. मोठ्या नावावर गोळी झाडली की पोस्ट टाकायची, हे मार्केटिंग त्यांनी रॅपरकडूनच उचललं. या बाजारात गायक हे सगळ्यात सोपं सावज ठरतं. त्याचं नाव आधीच मोठं झालेलं असतं, तो कुठे आहे हे जगाला ठाऊक असतं, आणि त्याने स्वतःच गाण्यातून आव्हान दिलेलं असतं.

मूसेवाला निव्वळ निरागस होता असं मला म्हणायचं नाही. मिद्दुखेडा खुनाच्या तपासात त्याच्या व्यवस्थापकाचं नाव आलं होतं. रायफल चालवणारा हात त्याचाच होता. वैराच्या भाषेवर त्याने पैसा आणि नाव दोन्ही कमावलं. पण आईवडिलांच्या एकुलत्या एका पोराचं, पदवी घेतलेल्या, निवडणूक हरलेल्या, शेतीत रमणाऱ्या माणसाचं आयुष्य त्या 'मी'पेक्षा कितीतरी पसरट होतं. श्रोत्याला त्यातलं काही नको होतं. निवडणुकीत मतं देताना लोकांनी त्याला पाडलं, ते बहुधा त्याच्या गाण्यातला माणूस आणि खरा माणूस वेगळे आहेत हे ओळखूनच. मग हेडफोन लावल्यावर ही अक्कल कुठे जाते?

सरकार आणि पोलिस तर ऐकणाऱ्याचीच चूक सरकारी कागदावर करतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये पंजाब सरकारने शस्त्रांचं उदात्तीकरण करणाऱ्या गाण्यांवर बंदी घातली. अमेरिकेत अटलांटाच्या यंग थग या रॅपरवरच्या खटल्यात सरकारी पक्षाने त्याच्या गाण्याच्या ओळी पुरावा म्हणून पुढे केल्या आणि न्यायाधीशांनी त्यांतल्या काही चालू दिल्या. त्याआधीच, २०२२ मध्ये, कॅलिफोर्नियाने अशा वापरावर मर्यादा घालणारा कायदा केला होता. आपल्याकडे एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या रॅपरवर अंबरनाथला गुन्हा दाखल झाला. त्याच्या गाण्यात ना बंदूक होती ना कोयता, सत्तांतरातल्या खोक्यांचा उल्लेख होता. गाणं हा कबुलीजबाब मानला की अशी गत होते. कोयता नाचवणाऱ्या रीलवर कारवाई जरूर करावी, तिथे हातातला कोयता खरा असतो. शब्दांच्या बाबतीत मात्र मेमूतला पोरगा आणि ठाणे अंमलदार एकच प्रश्न विचारतात, बोलतोस ते केलंस का?

या प्रश्नातून सुटका कशी व्हावी? इथे मला पेण तालुक्यातल्या गागोद्याचा माणूस आठवतो. विनोबा भावे गागोद्यात १८९५ साली जन्मले. १९६० च्या मे महिन्यात ते चंबळच्या खोऱ्यात गेले. मानसिंग या गाजलेल्या बागीचा मुलगा तहसीलदारसिंग फाशीच्या कोठडीत होता, त्याचं पत्र आल्यामुळे. वीस बागींनी विनोबांपुढे बंदुका ठेवल्या, त्यात लोकमन दीक्षित ऊर्फ लुक्का होता. चंबळमध्ये बागी हेही एक नाव होतं, त्याच्याही कथा आणि गाणी होती, आणि बंदूक टाकणं म्हणजे ते नाव पुसणं. विनोबांनी त्यांना चारचौघांत, प्रार्थनासभेत, मान खाली न घालता ते पुसण्याची जागा दिली. खटले टळले नाहीत, ते चाललेच. मध्य प्रदेश पोलिसांचे तेव्हाचे प्रमुख, आपल्या कामठीत जन्मलेले के. एफ. रुस्तमजी, या प्रकाराने संतापले. डाकूंना असा मान मिळाला तर त्यांच्याशी लढताना मेलेल्या शिपायांचं काय, हा त्यांचा सवाल होता. सवाल रास्त होता. नावातून बाहेर पडण्याची किंमत नेहमी कोणीतरी तिसराच मोजतो, आणि ती मोजायची की नाही हे प्रत्येक वेळी नव्याने ठरवावं लागतं.

गँगस्टा रॅपरसाठी अशी प्रार्थनासभा कोणी भरवत नाही. त्याने बंदूक खाली ठेवली तर ती कधी हातात नव्हतीच असं म्हणतात, आणि तो संपतो. मेल्यावर मात्र भाव वाढतो. तुपाकचा पुढचा अल्बम त्याच्या मरणानंतर दोन महिन्यांच्या आत बाजारात आला, मूसेवालाचं 'एसवायएल' महिन्याभरात. तुपाकला एकदा तुरुंगातून बाहेर काढायला माणूस आला होता, नाही असं नाही. ऑक्टोबर १९९५ मध्ये डेथ रो रेकॉर्ड्सचा मालक शूग नाइट याने १४ लाख डॉलरच्या जामिनाची सोय केली आणि बदल्यात तीन अल्बमच्या करारावर त्याची सही घेतली. अकरा महिन्यांनी लास व्हेगासच्या सिग्नलवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा गाडी नाइटच चालवत होता.